ऑल्ट-टॅब, तुझ्या परतीच्या वाटेबद्दल

प्रिय ऑल्ट-टॅब,



आज सकाळपासून रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. एका विंडोत इंग्रजी मूळ, दुसरीत माझं मराठी. वाक्य वाचायचं, डावा अंगठा ऑल्टवर, मधलं बोट टॅबवर, की मराठी समोर. दोन ओळी लिहायच्या, पुन्हा अंगठा, पुन्हा बोट, की मूळ समोर. दुपारी एका पानापुरतं सहज मोजत गेले, तर तुला एकशे चौदा वेळा हाक मारली होती. औषधाच्या मात्रांचा तक्ता होता, प्रत्येक आकडा दोनदा ताडून पाहायचा होता, म्हणून एवढ्या फेऱ्या झाल्या. इतक्या वर्षांत फॉन्टबद्दल बोलले, विजेबद्दल बोलले, पाठदुखीबद्दल तर घरच्यांना पाठ होईपर्यंत बोलले. तुझं नाव मात्र कधी निघालं नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्यातल्या टॅबशी माझी ओळख तुझ्याही आधीची आहे. इचलकरंजीत टायपिंगच्या क्लासला जायचे तेव्हाची. परीक्षेला गतीचा उतारा असे, पत्र असे आणि तक्ता असे; तक्त्याला सगळे स्टेटमेंटच म्हणायचे. आधी रकान्यांची रुंदी मोजायची, मशीनवर त्या त्या जागी स्टॉप लावायचे, आणि मग टॅब्युलेटरची कळ दाबली की कॅरेज सुटून बरोबर पुढच्या रकान्यापाशी जाऊन थांबायचं. स्टॉप एका घराने चुकला तर सगळा रकाना तिरपा. त्या टॅब्युलेटरचं तोकडं नाव टॅब. ऑल्ट म्हणजे ऑल्टरनेट, दुसरं, पर्यायी. एक कळ तक्ते आखणारी आणि एक दुसऱ्याकडे बोट दाखवणारी; तुमची जोडी जमवणाऱ्याने नावांचा विचार केला असेल असं नाही, पण मला ती नावं तुझ्या कामाला फार शोभतात.

जोडीने तू भेटलीस १९९७ साली, एका डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, दुकानांची लेटरहेडं, निवडणुकीची पत्रकं असं काम. आमच्या गावाच्या हवेत यंत्रमागांच्या सुताचे तंतू. ते कुठेही शिरतात, आणि तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळा असायचा, त्याच्या बाजूच्या रुळांवर ते तंतू गुंडाळून बसायचे. बाण पडद्यावर मध्येच रुतायचा. मग माउस उलटा करायचा, झाकण फिरवून गोळा काढायचा आणि टाचणीच्या टोकाने रुळांवरचा मळ खरवडायचा. एकदा पत्रिका द्यायची घाई, गिऱ्हाईक डोक्यावर उभं आणि माउस असा खोलून ठेवलेला. दुकानातले जुने ऑपरेटर माझ्या मागून हात घालून म्हणाले, “माउस कशाला लागतोय? हे बघ.” त्यांनी तुला दाबलं. पान मांडायचं पेजमेकर गेलं, पत्ता लिहिलेली फाइल आली. पुन्हा दाबलं, पेजमेकर जिथे सोडलं होतं तिथेच, कर्सर त्याच अक्षराशी लुकलुकत. मला आठवतंय, मी तेच पाच-सहा वेळा करून पाहिलं होतं. जागा हलली नव्हती, याचंच नवल वाटलं होतं.

तू तेव्हाही काही नवी नव्हतीस. विंडोजची पहिली आवृत्ती १९८५च्या नोव्हेंबरमध्ये आली, त्यातही तू होतीस. गंमत अशी की त्या आवृत्तीत विंडो एकमेकींवर चढत नसत. फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवलेल्या असत, एक मोठी केली की दुसरी आकसायची. एकीवर एक ठेवता येणाऱ्या विंडो १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या. ती कल्पना मूळची कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोची. तिथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. टेबल लहान आणि कागद जास्त असले की माणूस काय करतो? कागद एकमेकांवर ठेवतो, लागेल तो ओढून वर घेतो. पडदाही तसाच वागू लागला. पण कागदांच्या ढिगात खालच्या कागदाचा कोपरा तरी बाहेर डोकावतो. पडदाभर पसरलेल्या विंडोखालची विंडो अजिबात दिसत नाही. ती आहे, उघडी आहे, तिच्यात आपलं अर्धं वाक्य आहे, हे फक्त आठवणीत. ती आठवण तू ठेवतेस.

कशी ठेवतेस, हे मला फार उशिरा नीट कळलं. कितीतरी वर्षं मला वाटायचं की तू रांगेने पुढची विंडो देतेस. तसं नाही. तू क्रम लावतेस तो वापराचा. आत्ता जिथे आहे ती पहिली, त्याच्या लगेच आधी जिथे होते ती दुसरी, त्याच्या आधीची तिसरी. म्हणून एकदा दाबून सोडलं की मी नेहमी मागच्या ठिकाणी पोचते, आणि पुन्हा दाबलं की जिथून निघाले तिथे. दहा विंडो उघड्या असल्या तरी त्यातल्या ज्या दोन मी आत्ता वापरते आहे, त्या तू वर आणून ठेवतेस. कुणी सांगावं लागत नाही. मी कुठे होते ते माझ्या बोटांवरून तुला कळतं.

आणि दुसरी गोष्ट. टॅब सोडून ऑल्ट दाबून धरलं की सगळ्या विंडोंची रांग पडद्यावर येऊन थांबते. टॅब दाबत दाबत पुढे जायचं, फार पुढे गेलं तर शिफ्ट धरून मागे यायचं, विचार बदलला तर एस्केप दाबून जिथल्या तिथे राहायचं. निवड पक्की होते ती अंगठा उचलल्यावर. दाबताना घाई झाली तरी सोडताना विचार करायला जागा ठेवलेली आहे. ज्याने हे असं योजलं, त्याला काम करणाऱ्या माणसाचा हात कळत होता, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्यावर येणाऱ्या आरोपाबद्दल.

लक्ष विखुरतं, माणसं एका कामावर टिकत नाहीत, सारखी या विंडोतून त्या विंडोत उड्या मारतात, असं सगळीकडे बोललं जातं, आणि ते खोटं नाही. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. २००४च्या सुमाराला लोक एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं थांबत होते, आणि पुढच्या काळात हे थांबणं सत्तेचाळीस सेकंदांच्या आसपास आलं. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून दुसरं धरलं की मनाचा काही भाग पहिल्या कामातच घुटमळत राहतो आणि दुसरं काम त्याने खालावतं. हे मी माझ्या अंगावर अनुभवलं आहे. अनुवाद चालू असताना बिल पाठवायचं आठवलं, मेल उघडला, तिथे दुसरंच पत्र दिसलं, परत आले तेव्हा वाक्याचा कर्ता कोण होता तेच हातून सुटलेलं.

पण मोजणाऱ्याला माझी एक उडी आणि दुसरी उडी सारखीच दिसणार. मुळातून मराठीत गेले तीही एक उडी, मराठीतून मेलमध्ये गेले तीही एक. मला त्यात फरक दिसतो, आणि तो मला यंत्रमागावर शिकायला मिळाला.

माझे वडील मागावर होते. आई घरी कांड्या भरायची. कापड विणताना उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा घेऊन धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो, त्या पेटीतून या पेटीत येतो. साध्या मागावर मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. लहानपणी शाळेतून येताना मी शेडच्या दारात उभी राहून बघायचे. एवढ्या वेगात धोटा दिसत नाही, नुसता ठोका ऐकू येतो आणि कापड बोटाबोटाने पुढे सरकताना दिसतं. धोटा चंचल आहे, एका जागी टिकत नाही, असं मागावरच्या कुठल्याही माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही. तो दोन टोकांत फिरतो म्हणूनच कापड होतं. पण तोच धोटा पलीकडच्या पेटीत न पोचता मध्येच अडकला, की आडवा धागा ठोकणारी फणी त्याच्यासकट आदळते आणि उभे धागे झपकन तुटतात. मग माग बंद. वडील चष्मा लावून एकेक तुटका धागा शोधून गाठी मारत बसायचे. कधी कधी तासन्‌तास.

मूळ आणि मराठी ही माझ्या मागाच्या दोन पेट्या आहेत. एकशे चौदा फेऱ्या झाल्या आणि पान विणलं गेलं. त्यात माझं लक्ष एका क्षणासाठीही कुठे गेलं नव्हतं. मेल उघडला तेव्हा धोटा मध्ये अडकला. दोष देताना या दोन उड्या वेगळ्या केल्या पाहिजेत. बँकेत पासबुकाचा आकडा बघून दुसऱ्या विंडोत भरणारा कारकून, हिशेब आणि बिल समोरासमोर ताडणारा दुकानदार, ऑनलाइन फॉर्म भरताना मुलाच्या दाखल्याचा फोटो आणि फॉर्म यांत ये-जा करणारी आई, ही सगळी माणसं विणत असतात. पडदा एकच आणि काम दोन विंडोंत पसरलेलं, म्हणून त्यांना तुझी गरज पडते. ज्यांच्या टेबलावर दोन मोठे पडदे आहेत त्यांना तुझी गरज कमी. लहान लॅपटॉपवर पोट भरणाऱ्यांची तू आहेस.

ब्राउझरचे टॅब हे तुझं नाव लावतात, पण त्यांचा स्वभाव निराळा. ते आले तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्याआधी प्रत्येक पान नव्या विंडोत उघडायचं आणि तुझ्या रांगेत गर्दी व्हायची. २००४च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, टॅबसकट. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते २००६ साली सातव्या आवृत्तीत आले. पण टॅब रांगेत उभे असतात आणि कंट्रोल-टॅब दाबलं की क्रोममध्ये उजवीकडचा शेजारी मिळतो, मग त्याचा माझ्या कामाशी संबंध असो वा नसो. शब्दकोशाचा टॅब तिसरा आणि संदर्भाचा अकरावा असेल, तर मधल्या सात दारांवरून जायचं. मागे कुठे होते याची त्याला फिकीर नाही, शेजारी कोण आहे एवढंच तो पाहतो. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, तो टिचकवला की कंट्रोल-टॅबसुद्धा अलीकडे वापरलेल्या क्रमाने चालतं, तुझ्यासारखं. मला कळल्या दिवशी मी तो टिचकवला. क्रोममध्ये निदान कंट्रोलबरोबर आकडा दाबून पहिल्या आठ टॅबांवर थेट जाता येतं, आणि नऊ दाबलं की शेवटच्यावर. म्हणून माझा शब्दकोश कायम पहिला असतो आणि व्याकरणाचे नियम दुसरे.

बाकी टॅब आपण कशाला उघडे ठेवतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी केला आणि २०२१ साली मांडला. त्यात लोकांनी जे सांगितलं ते वाचून मला माझ्या आईची फडताळं आठवली. टॅब बंद केला की तो विषयच नजरेआड होऊन हरवेल, ही भीती. वाचायचं राहिलंय, करायचं राहिलंय, म्हणून उघडा ठेवलेला. त्याला आठवणीचं गाठोडं बनवायचं आणि मग त्याच गाठोड्याचं ओझं सोसायचं. टॅब बारीक होत होत नुसतं चिन्ह उरतं, नाव दिसत नाही, आणि मग वीस चिन्हांत आपलं कुठलं ते शोधत बसायचं. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून परत आणता येतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांना मी भेटेल तिथे सांगते. ती भीती त्याने बरीच कमी होते.

टॅबचं नाव दिसत नाही, त्यावरून आठवलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट तुला सांगायची आहे, कारण तेव्हा मी तुझ्यावर रागावले होते आणि राग चुकीच्या जागी होता.

अशाच एका माहितीपत्रकाच्या दोन फाइली उघड्या होत्या, एक जुनी आणि एक सुधारलेली. दोघींची नावं लांबलचक आणि अगदी सारखी, फरक फक्त शेवटच्या शब्दात. तुझ्या रांगेत नाव मध्येच तुटतं, आणि खालची छोटी चित्रं दोन्हींची तीच, पांढऱ्या कागदावर काळ्या ओळी. कळवलेली दुरुस्ती होती, ‘दिवसातून दोनदा’च्या जागी ‘दिवसातून एकदा’. ती मी जुन्या फाइलीत केली आणि नवी पाठवून दिली. छपाईच्या दोन दिवस आधी तपासणाऱ्या बाईंनी ती चूक पकडली. त्यांचा फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. गोळी घेणारं कुणीतरी माणूस असतं, त्याच्या घरी तो कागद कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार असतं.

पुढे आमच्या ओळखीच्या एका मुलाला हे सांगितलं. तो जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचा पडदा-वाचक आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोघा दृष्टिहीन तरुणांनी तो बनवला आणि फुकट दिला. तू दाबलीस की तो वाचक प्रत्येक विंडोचं नाव त्याच्या कानात म्हणतो. तुझी छोटी चित्रं त्याला कधीच लागली नाहीत, त्याचं सगळं काम नावावर. तो म्हणाला, “ताई, फरक शेवटी ठेवता म्हणून घोळ होतो. मी पूर्ण नाव कशाला ऐकू? वेगळा शब्द आधी ठेवा की.” त्याच्या कानात नाव सुरू झालं की पहिल्या शब्दालाच तो अंगठा उचलतो. माझ्यासमोर करून दाखवलं त्याने, आणि मी बघत बसले. तुला इतकं अचूक वापरताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या फाइलीचं पहिलं अक्षरच सांगतं की ती काय आहे. ‘नवी’, मग तारीख, मग बाकीचं. ‘मूळ’, मग बाकीचं. जुनी फाइल काम चालू असताना उघडतच नाही.

मराठी लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे, ती तुझ्या बहिणीपासून येते. ऑल्ट-शिफ्ट भाषा बदलते, तू विंडो बदलतेस. दोघी एकाच अंगठ्याखाली. पूर्वी विंडोज प्रत्येक विंडोची भाषा वेगळी लक्षात ठेवायचं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून सगळ्या विंडोंना मिळून एकच भाषा धरली जाते. मी रेमिंग्टन कीबोर्डची सवय मोडून इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आले तेव्हाचं सांगते. मराठी लिहून मुळात गेले, तिथे शोधायला इंग्रजी शब्द टाइप केला, तर देवनागरीत भलतंच. इंग्रजीत ‘मेल’ लिहायला गेलं की ‘सोगत’ उमटतं. परत मराठीत आले तर तिकडे रोमन अक्षरांची रांग. मूळ आणि मराठी यांतली ये-जा डोळे मिटून होते, पण भाषा मात्र प्रत्येक फेरीला तपासायची, हा त्रास इंग्रजीतच लिहिणाऱ्याला कळायचा नाही. त्यावर उपाय आहे. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या प्रगत पर्यायांत प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी भाषा ठेवण्याचा चौकोन आहे. तो लावला की मुळाची विंडो इंग्रजी राहते, माझी मराठी. सरकारी कार्यालयांत, शाळांत, वर्तमानपत्रांत मराठी टंकणाऱ्या किती जणांना हे कुणी दाखवलंय? मला दाखवलं नव्हतं. सात वर्षं मी दर फेरीला ऑल्ट-शिफ्ट दाबत होते.

माझी तुझ्याकडे मागणी काही नाही. तुला बनवणाऱ्यांकडे आहे, ती इथे लिहून ठेवते. २०२०च्या शरदातल्या विंडोजपासून एज ब्राउझरचे टॅबही तुझ्या रांगेत येऊ लागले. सेटिंगच्या मल्टिटास्किंगमध्ये जाऊन ‘फक्त विंडो दाखव’ असं सांगता येतं, आणि मी ते सांगितलं आहे. ज्यांना टॅब रांगेत हवेत त्यांना ते मिळोत. पण तुझ्या पहिल्या दोन जागा कुणी विकू नये, भरू नये, त्यात सुचवण्या घुसवू नयेत. नुकतीच जिथून आले ती जागा मला एका दाबात परत मिळाली पाहिजे. माझं सगळं काम त्यावर उभं आहे, आणि त्या बँकेतल्या मुलाचंही.

रात्रीचे साडेदहा झालेत. शेजारच्या शेडमधला दुसऱ्या पाळीचा आवाज अजून येतोय. या पत्राच्या मागे माहितीपत्रकाचं सतरावं पान उघडं आहे, ‘जेवणानंतर अर्ध्या तासाने’ इथपर्यंत लिहून झालंय आणि त्याच्या मागे मूळ. उद्या सकाळी नऊला पाठवायचं आहे.

तुझी,
एक अनुवादक
इचलकरंजी